मोबाइल सांगतो ते औषध मारावे का?



घरातली शिकती पोरं हल्ली मोबाइलला प्रश्न विचारतात आणि मोबाइल त्यांना चक्क मराठीत उत्तर देतो. चॅटजीपीटी, जेमिनी, मेटा एआय ही नावे तुमच्याही कानावर आली असतील. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये लोकांसाठी खुले झाले. मेटा एआय तर 2024 पासून आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्येच येऊन बसले आहे. या साधनांना कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. मुलगा बांधावर येऊन म्हणतो, "आबा, मोबाइलवर विचारलं, हेच औषध मारा." अशा वेळी काय करावे, ते पाहू या.

मुले याचा उपयोग कशाला करतात?

धडा समजून घेणे, गणिताची रीत विचारणे, इंग्रजी पत्राचा मराठी अर्थ लावणे, नोकरीचा अर्ज लिहिणे, मुलाखतीची तयारी करणे, चित्रे तयार करणे, अशी नाना कामे मुले त्याच्याकडून करून घेतात. यात वावगे काही नाही. बँकेची इंग्रजी नोटीस आली, तर घरातली मुलगी तिचा अर्थ दोन मिनिटांत सांगू शकते. मात्र अभ्यासाचे उत्तर नुसते उतरवून काढले, तर वही भरते, डोके रिकामे राहते. एवढे मुलांना जरूर सांगावे.

यंत्र उत्तर देते कसे?

कोणी 'पळसाला पाने' म्हटले, की आपण लगेच 'तीनच' म्हणतो. त्यासाठी पळसाखाली जाऊन पाने मोजावी लागत नाहीत. ऐकून ऐकून शब्द तोंडात बसलेले असतात. यंत्राचेही काहीसे तसेच आहे. त्याला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा हिशेब करून ते एकेक शब्द जोडत जाते. काही साधने आधी इंटरनेटवर शोधही घेतात, पण सापडलेल्या मजकुरावरून उत्तर जुळवण्याची रीत तीच.

म्हणून त्याची भाषा सफाईदार असते. चुकीचे उत्तरसुद्धा ते तितक्याच ठामपणे देते. शब्दांच्या कामात थोडी चूक झाली तर खोडता येते. पंपात पडलेले औषध मात्र परत काढता येत नाही.

चूक कोठे होऊ शकते?

पहिली गोष्ट, मात्रा. समजा, शिफारस आहे 10 लिटर पाण्याला 4 ग्रॅम. उत्तरात आले, 1 लिटरला 4 ग्रॅम. म्हणजे 15 लिटरच्या पंपात 6 ग्रॅमऐवजी 60 ग्रॅम औषध जाईल, दहापट! शिवाय तुमचा पंप हातपंप की पेट्रोलवर चालणारा, हे यंत्र विचारेलच असे नाही. पेट्रोल पंपाला एकरी पाणी कमी लागते, त्यामुळे औषधाचा हिशेब बदलतो.

दुसरी गोष्ट, जुनी शिफारस. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी जुन्या पुस्तकांत एन्डोसल्फान सुचवलेले आढळते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये त्यावर बंदी आणली. यंत्राच्या वाचनात जुने आणि नवे दोन्ही असते. जुने वर आले, तर बंदी असलेले औषधही ते सुचवू शकते.

तिसरी गोष्ट, फोटो. सोयाबीनचे पान पिवळे दिसते. ते चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याने, पाणी साचल्याने किंवा पांढऱ्या माशीने पसरवलेल्या पिवळ्या मोझॅक रोगानेही पिवळे पडते. पहिल्याला हिराकसाची फवारणी, दुसऱ्याला चर काढून पाण्याचा निचरा, तिसऱ्याला रोगट झाड उपटून नष्ट करणे व माशीचा बंदोबस्त. फोटोत पान दिसते, जमीन दिसत नाही.

फवारणीतली चूक फार महाग पडते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वेळी ही साधने नव्हती. पण विषाशी गाठ असताना अंदाजावर चालू नये, हा धडा आजही तोच आहे.

मग करावे काय?

1. मुलासोबत बसून प्रश्न नीट विचारावा. पीक, वाण, पेरणीची तारीख, जमीन, पाणी, पंपाचा प्रकार, सगळे सांगावे. प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम येते.

2. औषधाचे नाव आणि मात्रा डब्यावरच्या लेबलाशी व सोबतच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. तुमचे पीक आणि तुमची कीड त्यात नसेल, तर ते औषध मारू नये. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, तेही तिथेच पाहावे.

3. लेबलावरच्या त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा असला तरी ते विषच, हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच.

4. शंका राहिल्यास किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 या क्रमांकावर सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत फोन करावा. पैसे पडत नाहीत. जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी आपल्या भागाचे कृषी विद्यापीठ यांना रोगट झाड प्रत्यक्ष नेऊन दाखवावे.

5. आधार क्रमांक, बँकेचे पासबुक, फोनवर येणारा ओटीपी यांतले काहीही या साधनांना देऊ नये.

बंधूंनो, पोरांना रागावून मोबाइल हिसकावून घेऊ नका. त्यांना बांधावर न्या, पान उलटून खालची कीड दाखवा, लेबल मोठ्याने वाचायला लावा. मोबाइलला विचारायला त्यांना येते, पीक ओळखायला तुम्हाला येते. दोघांनी मिळून खात्री केल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये.