नकाशा हाती घेऊन धावणे

म्हैसूरहून हुणसूरकडे निघाले की येलवाल लागते. अशा सौम्य चढउतारांच्या पठारावर ओरिएंटीअरिंगचा हौशी धावक फसतो तो सपाटपणामुळेच. नजरेत भरणाऱ्या खुणा तेथे थोड्या.

हा खेळ स्कँडिनेव्हियात वाढला. १९१९ साली एर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ भरविलेल्या शर्यतीनंतर त्याचा प्रसार झाला. नकाशावर वर्तुळांनी दाखविलेली निशाणे ठरल्या क्रमाने गाठावयाची. वाट मात्र ज्याची त्याने निवडावयाची.

नवशिका केवळ पायांना सराव देतो. तेवढे पुरत नाही. होकायंत्राच्या रोखात पाच अंशांची चूक झाली, तर पाचशे मीटरवर धावक सुमारे ४४ मीटर बाजूला पडतो, आणि झुडपांत तेवढ्याने निशाण दृष्टीआड होते. म्हणून ओढ्याकाठचे निशाण गाठताना जाणता धावक मुद्दाम डावीकडे, या संभाव्य चुकीहून अधिकच, रोख धरतो. ओढा लागताच उजवीकडे वळावयाचे, हे त्यास आधीच ठाऊक असते. शंभर मीटरला आपली किती पावले पडतात, हेही रस्त्यावर व रानात निरनिराळे मोजून ठेवावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर. शर्यतीच्या १:१५,००० नकाशावर अवघे १५०. पहिल्याची सवय जडलेला धावक दुसऱ्यावर हमखास ठिकाण ओलांडून पुढे जातो.