वेळेत बसणारे काम

नोकरी शोधणारा माणूस पगाराइतकीच, कित्येकदा पगाराच्याही आधी, कामाची वेळ पाहतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मात्र कामगार आपले तास आपणच ठरवतो असे गृहीत धरलेले असते: मजुरी वाढली की तो जास्त राबतो, आणि मिळकत पुरेशी झाली की त्याला फुरसत मोलाची वाटू लागते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तास मालक ठरवतो. पाळी पटली तर काम घ्यायचे, नाही तर दुसरे पाहायचे. १९८० च्या दशकात जोसेफ अल्टोन्जी आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी अमेरिकेतील कामगारांची माहिती तपासली, तेव्हा एकाच नोकरीत टिकलेल्यांपेक्षा नोकरी बदलणाऱ्यांच्या तासांत कितीतरी जास्त फरक पडलेला दिसला. तास बदलायचे तर नोकरीच बदलावी लागते, असा त्याचा अर्थ.

सोयीच्या वेळेसाठी लोक किती पगार सोडतात? अलेक्झांडर मास आणि अमांडा पॅले यांनी कॉल सेंटरच्या खऱ्याखुऱ्या भरतीत उमेदवारांपुढे वेगवेगळे पगार आणि वेगवेगळ्या वेळा ठेवून हे मोजले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, मालकाने ऐनवेळी पाळी ठरवू नये यासाठी उमेदवार सरासरी २० टक्के पगार सोडायला तयार होते. घरून काम करण्यासाठी ८ टक्के. आपली वेळ आपण ठरवण्याची मुभा मात्र बहुतेकांना फारशी मोलाची वाटली नाही. वेळ ठरलेली असावी, एवढीच त्यांची मागणी होती.

भारतात स्त्रियांना सोयीची वेळ शोधावी लागते, त्याचे मूळ घरकामात आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. पाच तास आधीच बांधलेले असले की कामाचा शोध घराजवळच्या, मधेच उठता येईल अशा कामांपुरता आक्रसतो.

सोलापूरचा विडी उद्योग याच आक्रसलेल्या वर्तुळात उभा आहे. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा न्यायचा. पाने भिजवून मऊ करायची, मापाने कातरायची आणि घरी बसून विड्या वळायच्या. वळता वळता भाजी फोडणीला टाकता येते, शाळेतून आलेल्या पोराला वाढता येते, उद्याची पाने रात्री कातरून ठेवता येतात. मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. विड्या वळणाऱ्या बायकांची बाजू नेमकी इथेच लंगडी पडते. त्यांना आठ तास बाहेर जाता येत नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते. दुसरे दार बंद असलेल्या माणसाला दर वाढवून देण्याची गरज कुणालाच वाटत नाही. वेळेच्या सोयीची किंमत अशी मजुरीतूनच वसूल होते, आणि तंबाखूची धूळ घरातल्या मुलांच्याही छातीत जाते.

वरच्या पगाराच्या नोकऱ्यांतही हाच हिशेब चालतो. २०२३ च्या नोबेल पुरस्काराच्या मानकरी क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवले की वकिली आणि वित्तक्षेत्रात जास्त तास, तेही अवेळी देणाऱ्याला दर तासामागेच अधिक पैसे मिळतात, आणि कमी तास निवडणारी स्त्री त्यामुळे मागे पडते. अमेरिकेतील फार्मासिस्टांच्या बाबतीत मात्र हे नुकसान जवळपास उरलेले नाही, कारण एकाचे काम दुसरा सहज पुढे चालवू शकतो. कामाची मांडणी बदलली की कमी तासांची शिक्षाही टळते, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

नेदरलँड्सने कायद्याची वाट धरली. तिथे नोकरी करणाऱ्या निम्म्याहून अधिक स्त्रिया अर्धवेळ काम करतात. २००० सालच्या कायद्याने तिथल्या कामगाराला आपले तास कमी किंवा जास्त करून मागण्याचा हक्क दिला. ठोस कारणाशिवाय मालकाला नकार देता येत नाही. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची कमाल मर्यादा घातली, पण कमी तास मागण्याचा हक्क दिला नाही. तो कायद्यात यायला हवा, आणि तासांच्या प्रमाणात पूर्ण दराने मजुरीसह यायला हवा.