परतीचा पाऊस, पूर आणि मागाहूनचें ऊन

सन २०२५ च्या सप्टेंबरांत परांडा, भूम, कळंब या तालुक्यांत अतिवृष्टि होऊन सीना-मांजरा नद्यांस महापूर आले. उभें सोयाबीन बुडालें व कित्येक शेतांतील मातीच खरवडून गेली. अवर्षणाची संवय असलेल्या आपल्या जिल्ह्यास पुराची तयारी अपरिचित आहे. बंगालच्या उपसागरांतील कमी दाबाचें क्षेत्र पश्चिमेकडे सरकलें कीं येथें परतीच्या दिवसांतही मुसळधार पाऊस होतो. पाठोपाठ उष्मा वाढल्यास ओल्या शेंगांस कोंब फुटतात व बुरशी धरते.

म्हणून शेतकरी बंधूंस आमचें सांगणें इतकेंच कीं, हवामानखात्याचा इशारा मिळतांच गुरें नदीकांठावरून हलवावीं, कापलेल्या सोयाबीनची गंजी उंचावर रचून झांकावी, आणि उघाड पडतांच चर काढून शेतांतील पाणी बाहेर काढावें. पीक पुन्हां पेरतां येतें. वाहून गेलेली माती पिढ्यान्‌पिढ्या भरून येत नाहीं.