रोजा अहंकाराचाही

१९९५चा रमजान फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच आला. अमेरिकेत तो बास्केटबॉलच्या ऐन हंगामाचा महिना. आज या शहरात सामना, परवा दुसऱ्या शहरात. ह्यूस्टन रॉकेट्स संघाचा हकीम ओलाजुवान पहाटे सहेरी करून रोजा धरत होता आणि सामना दिवसा असला, तर पाण्याचा घोटही न घेता मैदानात उतरत होता. महिना संपला तेव्हा एनबीएने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, फेब्रुवारीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचेच नाव जाहीर केले.

रमजान आला की हा किस्सा हमखास सांगितला जातो. उपाशीपोटी माणूस एवढा खेळला कसा, याचे कौतुक होते. पण रोजा पोटापुरता नसतो. तो जिभेचा असतो, रागाचा असतो, ‘मी’पणाचाही असतो. हकीमची ती दुसरी परीक्षा तीन वर्षे आधी झाली होती.

बास्केटबॉलमध्ये एका वेळी संघाचे पाचच जण मैदानात असतात. क्रिकेटमध्ये मोठा फलंदाज शून्यावर बाद झाला, तरी उरलेले दहा जण निभावून नेतात. इथे एक मोठा खेळाडू म्हणजे संघाचा पाचवा हिस्सा आणि चेंडूही बहुतेक वेळ त्याच्याच हाती. तो रुसला की सगळा डाव विस्कटतो. शाकिल ओ’नील आणि कोबी ब्रायंट या जोडीने लॉस एंजेलिस लेकर्सला २००० ते २००२ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवून दिली. पण संघ नेमका कोणाचा, यावरून दोघांचे बिनसले. २००४मध्ये अंतिम फेरीत डेट्रॉइटकडून हार झाली. त्याच उन्हाळ्यात शाकिल मायामीला गेला, प्रशिक्षक फिल जॅक्सनही बाहेर पडले. २०१०मध्ये लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलंड सोडून मायामीला जात असल्याचे टीव्हीवरच्या खास कार्यक्रमात सांगितले, तेव्हा क्लीव्हलंडच्या चाहत्यांनी त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या. जाण्यापेक्षा जाण्याची ती रीत त्यांना जास्त झोंबली.

हकीमही या वाटेने थोडे चालून आला आहे. तो मूळचा नायजेरियातल्या लागोसचा. लहानपणी हँडबॉल आणि फुटबॉल खेळणारा. ह्यूस्टनच्या विद्यापीठात तो बास्केटबॉलमध्ये नावारूपाला आला आणि १९८४मध्ये रॉकेट्सने त्याला सर्वांत आधी निवडले. त्याच वर्षी मायकेल जॉर्डनची निवड तिसऱ्या क्रमांकावर झाली होती. तरुण हकीम तापट होता, मैदानात हाणामारीवर यायचा. १९९१मध्ये त्याने ‘अकीम’ असे लिहिले जाणारे आपले नाव दुरुस्त करून ‘हकीम’ केले. हकीम म्हणजे शहाणा. पण नाव दुरुस्त केले म्हणून माणूस एका दिवसात दुरुस्त होत नाही.

१९९२मध्ये त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. तो दुखापतीचे सोंग करतो आहे, असा संशय संघाने घेतला आणि त्याला निलंबित केले. हकीमचा स्वाभिमान दुखावला. मला दुसऱ्या संघात पाठवा, अशी मागणी त्याने केली. पुढचा हंगाम जपानमधल्या सामन्यांनी सुरू होणार होता. त्या लांबच्या विमानप्रवासात हकीम आणि संघाचे मालक चार्ली थॉमस मोकळेपणाने बोलले. अबोला तिथेच संपला.

त्याचा परिणाम खेळात दिसला. प्रशिक्षक रूडी टॉमजानोविच यांनी हकीमला बास्केटजवळ ठेवून भोवती लांबून नेम साधणारे खेळाडू उभे केले. हकीमला अडवायला दोघे धावले की तो चेंडू मोकळ्या सहकाऱ्याकडे सोपवी. सहकाऱ्याला गुण करून देणारे असे त्याचे पास १९९१-९२मध्ये सामन्यामागे दोनच्या आसपास होते; दोन वर्षांत ते साडेतीनच्या पुढे गेले. १९९४मध्ये रॉकेट्सने पहिले विजेतेपद मिळवले. हकीम लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. तो चषक घेताना त्याने सगळ्या सहकाऱ्यांना मैदानावर बोलावून घेतले. १९९५मध्ये आपल्या विभागात सहाव्या क्रमांकावर राहूनही रॉकेट्सने पुन्हा बाजी मारली. अंतिम फेरीत शाकिलच्या ऑर्लँडोला चार सामन्यांत एकही जिंकता आला नाही. याच काळात त्याने स्पाल्डिंग कंपनीबरोबर आपल्या नावाचे बूट आणले, तेही गरिबाघरच्या मुलांना परवडतील अशा किमतीत.

म्हणून हकीमने निष्ठेचे व्रत आयुष्यभर पाळले असे नाही. १७ हंगामांनंतर, २००१मध्ये, रॉकेट्सचा नवा प्रस्ताव नाकारून तो टोरंटोला गेला आणि शेवटचा हंगाम तिथेच खेळला. तरीही ह्यूस्टनने त्याचा ३४ क्रमांक कायमचा राखून ठेवला. एका शहरात किती वर्षे काढली, एवढ्यावर निष्ठा मोजता येत नाही. बरोबरच्या माणसांसाठी आपला ‘मी’ किती आवरता आला, हेही पाहावे लागते.

निवृत्तीनंतर बास्केटजवळ पाठमोरे उभे राहून बचावपटूला चकवण्याची आपली कला तो इतरांना शिकवू लागला. २००९मध्ये नुकताच विजेता ठरलेला कोबी त्याच्याकडे शिकायला आला. २०११मध्ये अंतिम फेरी हरलेला लेब्रॉन आला. ज्यांच्या अहंकाराच्या गोष्टी जगभर चघळल्या गेल्या, ते दोघेही निवृत्त झालेल्या एका खेळाडूपुढे विद्यार्थी होऊन उभे राहिले. पुढच्याच वर्षी लेब्रॉनने आपले पहिले विजेतेपद मिळवले.

पोटाचा रोजा मगरिबच्या अजानबरोबर सुटतो. अहंकाराचा मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा लागतो, आणि ईदनंतरही.