अवघड जागेचे दुखणे

अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. वृषणाच्या दुखण्यावर या व्यासपीठावरून बोलणार म्हटल्यावर काही मंडळींनी आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "समोर आयाबहिणी असतात, हा विषय कशाला?" आमचे उत्तर एवढेच, की रात्री दोन वाजता कळवळणारे पोर प्रथम आईलाच उठवते.

आम्ही वैद्य नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. या विषयाची पुस्तके शोधून वाचण्याची पाळी आमच्यावर आली ती एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी यंत्रमागाच्या कारखान्यातला एक एकोणीस वर्षांचा पोरगा पहाटे आमच्या दारी आला. घामाघूम झालेला, दोनदा ओकलेला. "पोटात दुखतंय," म्हणाला. आम्ही त्याला ओवा-मीठ दिले आणि निजवले. दुखत होते ते पोटात नव्हे. पण आम्ही वडीलधारे, त्याने सांगावे कसे? आणि आम्हीही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी तपासले तेव्हा एक वृषण मृत झाले होते. ते काढावे लागले.

झाले होते काय? वृषण ज्या दोरीसारख्या रज्जूला लटकलेले असते, तिच्यातूनच त्याच्या रक्तवाहिन्या जातात. काहींच्या शरीरात जन्मतःच वृषण आतून नीट बांधलेले नसते. ते फिरते आणि रज्जूला पीळ पडतो. सुताचा पीळ आमच्या विणकरांना सांगायला नको. रक्त थांबते आणि घड्याळ सुरू होते. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया होऊन पीळ सुटला, तर वृषण बहुतेक वेळा वाचते; चोवीस तास उलटले तर क्वचितच. बारा ते अठरा या वयात हे अधिक घडते, पण कोणत्याही वयात घडू शकते. मार लागावा लागतो असेही नाही. झोपेतसुद्धा पीळ पडतो. वेदना एकाएकी, बहुधा एकाच बाजूला, मळमळ, उलटी, ते वृषण वर ओढल्यासारखे दिसते. कधी दुखणे ओटीपोटातच जाणवते. म्हणून मुलगा पोट धरून बसला, तर घरच्यांनी तोही प्रश्न स्पष्ट विचारावा.

अशा वेळी शेक, तेल, वेदनाशामक गोळी यांत तास घालवू नयेत. जेथे शस्त्रक्रियेची सोय आहे तेथेच थेट जावे, आणि वाटेत चहासुद्धा देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेत बहुधा दुसरे वृषणही टाके घालून जागी बसवतात, त्याने घाबरू नये. दुखणे आपोआप थांबले तरी दाखवावे. सुटलेला पीळ पुन्हा पडतो. आणि रजेच्या अर्जात काय लिहावे, ही चिंता नंतरची. ते काम आमच्यासारख्यांवर सोपवा.

दुसऱ्या कारणांनीही दुखते. वृषणामागच्या नलिकेला जंतूंमुळे सूज आली, तर दुखणे हळूहळू वाढते, ताप येतो, लघवीला जळजळ होते. औषधाने ते बरे होते, मात्र डॉक्टरांनी दिलेला क्रम पुरा करावा लागतो. गालगुंड झाल्यावर काही दिवसांनी मोठ्या मुलांना सूज येते. मुतखड्याची कळही कमरेतून तेथवर उतरते. पण हा भेद घरी बसून करू नये; एकाएकी उठलेली कळ ही पिळाचीच, असे धरून चालावे.

आमच्या हमाल बांधवांना एक निराळी सूचना. अंतर्गळाचा फुगा एरवी आडवे झाल्यावर आत जातो. तो कडक होऊन जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या होऊ लागल्या, तर आतडे अडकले असे समजावे आणि त्याच घटकेला इस्पितळ गाठावे.

त्या पोराचे पुढे लग्न झाले, त्याला मुलगी आहे. एक वृषण निरोगी असले तर संसाराला सहसा अडत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुरुष भितो ते याच एका गोष्टीला.

आणि मुळीच न दुखणारी एक गोष्ट. पंधरा ते पस्तीस वर्षांच्या तरुणांत वृषणाचा कर्करोग होऊ शकतो. त्याची गाठ टणक असते आणि बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती राहून जाते. आंघोळीच्या वेळी हाताला अशी गाठ लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावी. वेळीच सापडल्यास हा कर्करोग बहुतेकदा पूर्ण बरा होतो.