कपिलधारच्या डोंगरवाटा आणि त्यांना साजेशी सायकल

डांबरी रस्ता सोडून पायवाटेने, गाडीवाटेने, दगडगोट्यांतून आणि मुरमाच्या उतारावरून सायकल चालवणे म्हणजे माउंटन बाइकिंग. दुकानात या सायकलीला ‘एमटीबी’ म्हणतात. ती घेताना बहुतेकांचे लक्ष रंग, गिअरची संख्या आणि शॉकअप यांच्याकडे जाते. खरे तर आधी पाहायला हवी ती जमीन. कोणत्या वाटेवर सायकल चालणार आहे हे ठरले, की टायर, ब्रेक, गिअर या बहुतेक गोष्टी आपोआप ठरत जातात. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारच्या परिसरात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

बीडहून सोलापूरकडे जाणारा रस्ता मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटाच्या पठारावर येतो. खाली बिंदुसरेच्या काठची काळी शेती राहते आणि वर मुरमाड माळ, टेकाडे आणि मध्येच तुटलेल्या दऱ्या सुरू होतात. मांजरसुंब्याजवळच्या अशाच एका दरीत कपिलधार आहे. पावसाळ्यात इथे कड्यावरून धार कोसळते. संत मन्मथस्वामींची समाधीही इथेच आहे. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ लिहिणारे हे वीरशैव संतकवी. कार्तिकी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगणातूनही भाविक येतात, त्यांतले अनेक जण पायी.

इथल्या वाटा सायकलसाठी कोणी आखलेल्या नाहीत. माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी, बैलगाडीच्या चाकांनी त्या पडल्या आहेत. शेरडे घेऊन गुराखी माळावर जातो ती एक वाट, शिवारात उतरणारी पाणंद दुसरी. बालाघाटाच्या उतारांवर सीताफळाची झाडे आपसूक वाढतात आणि शरद ऋतूत फळे तोडायला माणसे डोंगरात शिरतात, त्यांची वाट तिसरी. (बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.) पायाने पडलेली वाट चढाला वळसा घालते, ओढा सोयीच्या जागी ओलांडते, सावलीच्या कडेने जाते. सायकलीला नेमके हेच मानवते. यंत्राने उकरलेल्या सरळसोट रस्त्यापेक्षा अशी वाट चालवायला कितीतरी चांगली.

या वाटांचा पोत खडकाने ठरवला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार झाले. त्यातले काही थर घट्ट आणि कठीण, तर काही सच्छिद्र आणि लवकर झिजणारे. कठीण थराचा कडा उभा राहतो आणि मऊ थराचा मुरूम होतो. म्हणून बालाघाटाची कड पायऱ्यापायऱ्यांनी उतरते आणि कठीण थर संपतो तिथे पावसाळ्यात धबधबे पडतात. सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की उतारावर थोडा वेळ चाक घसरवणारा सुटा मुरूम लागतो आणि लगेच खडकाची उघडी पायरी येते. काळा पाषाण कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि आतला गोल गोटा वाटेवर येऊन पडतो. असे गोटे चाकाखाली फिरतात. खोलगट जागी काळी माती असते. कोरडी असताना ती फरशीसारखी कडक, पण एक सर पडली की चाकाला, ब्रेकला, फ्रेमला अशी चिकटते की चाक फिरायचेच थांबते. आणि काटे सगळीकडेच. बाभूळ, बोर, हिवर यांचे लांब काटे आणि जमिनीलगत पसरणारा सराटा. सराट्याचे फळ कसेही पडले तरी त्याचे एखादे टोक वर राहतेच.

अशा वाटांवर सायकल नवी नाही. मागच्या पिढीतल्या काळ्या, दांडीच्या ब्रेकच्या सायकलीवर दुधाच्या कॅना लटकवून माणसे याच माळांवरून तालुक्याला जात. डोंगरी सायकलीचा आधुनिक साचा मात्र १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात घडला. तिथली तरुण मुले जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. एका उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या उताराचे नावच ‘रिपॅक’ पडले. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी फ्रेम घडवली, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये अशा सायकली विकायला सुरुवात केली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला. जाड टायर, दमदार ब्रेक आणि चढाला पुरणारे गिअर या तीन गरजा त्या पहिल्या दिवसांपासून तशाच आहेत.

सुरुवात टायरपासून करावी. जमिनीला टेकतो तो तेवढाच. चाकाचे माप २६, २७.५ किंवा २९ इंच असते. मोठे चाक गोट्यावरून आणि पायरीवरून सहज जाते, म्हणून बालाघाटाच्या खडकाळ वाटेला २९ इंची चाक चांगले. कमी उंचीच्या चालकाला २७.५ सोयीचे पडते. टायरची रुंदी २.२ ते २.४ इंच आणि कडेचे गट्टू ठळक असावेत, कारण मुरमाच्या वळणावर पकड तेच देतात. हवा किती भरावी याबद्दल मोठा गैरसमज आहे. टणक टायर म्हणजे चांगला टायर ही डांबरी रस्त्यावरची सवय. तसा टायर खडकावर उडतो आणि मुरमावर घसरतो. साधारण ७० किलोच्या चालकाने ट्यूब असलेल्या टायरात ३०च्या आसपास पीएसआय हवा ठेवून पाहावी आणि मागच्या चाकात पुढच्यापेक्षा किंचित जास्त. त्याहून फार कमी केली, तर दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चेपते आणि सर्पदंशासारखी शेजारीशेजारी दोन भोके पडतात.

काट्यांवरचा खरा उपाय म्हणजे ट्यूबलेस टायर. त्यात ट्यूब नसते, रबराच्या चिकाचे द्रव सीलंट असते. काटा टोचला की हवेबरोबर सीलंट भोकाकडे येते आणि तिथेच गोठून भोक बुजवते. २९ इंची टायरला सुमारे १०० मिली सीलंट लागते. शिवाय यात चेपणारी ट्यूब नसल्याने हवा पाच-सहा पीएसआयने आणखी कमी ठेवता येते आणि पकड वाढते. सराट्याच्या मुलखात दुसरा कोणताही सुटा भाग घेण्याआधी पैसे इथे घालावेत. त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसला चालणारे आहेत का, हे सायकल घेतानाच विचारायला हवे. ज्यांच्याकडे साधी ट्यूब आहे त्यांनी पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापड फिरवावे. मोडलेल्या काट्याचे टोक आत राहिले असेल, तर नवी ट्यूबही शंभर पावलांत बसते.

ब्रेकच्या बाबतीत डिस्क ब्रेकला पर्याय नाही. रिमला घासणारा ब्रेक चिखलात आणि धुळीत निकामी होतो, वाकलेल्या रिमवर तर लागतच नाही. डिस्क ब्रेक दोन प्रकारचे असतात, तारेवर चालणारे आणि तेलावर चालणारे. तारेचा ब्रेक स्वस्त असतो आणि गावातला कारागीरही तो घट्ट करू शकतो. तेलाचा ब्रेक एका बोटाने लागतो आणि दाबाचे प्रमाण हातात राहते. लांब उतारावर हात दुखत नाहीत, मुरमावर चाक एकदम जाम होत नाही. मात्र तेल बदलायला जाणता मेकॅनिक लागतो. त्यामुळे दुरुस्तीची सोय जवळ आहे की नाही, हा निवडीतला मोठा मुद्दा ठरतो. उतार संपल्यावर डिस्कला हात लावू नये, चटका बसतो.

सर्वांत जास्त फसवणूक शॉकअपमध्ये होते. तालुक्याच्या दुकानांत पुढे-मागे दोन शॉकअप असलेल्या, भडक रंगाच्या लोखंडी सायकली हौसेने विकत घेतल्या जातात. त्यांचे वजन सहज अठरा-वीस किलो भरते. पायडल मारताना मागची स्प्रिंग दबते आणि जोर चाकाकडे जाण्याऐवजी तिच्यात जिरतो. चांगली फुल सस्पेन्शन सायकल वेगळीच वस्तू असते आणि तिची किंमत लाखाच्या घरात किंवा पुढे जाते. कपिलधारच्या वाटांना फक्त पुढे शॉकअप असलेली, म्हणजे हार्डटेल सायकल पुरेशी आहे. पुढचा फोर्क १०० ते १२० मिलिमीटर दबणारा असावा. हवेचा फोर्क हलका असतो आणि चालकाच्या वजनानुसार त्यात हवा भरता येते. सायकलीवर बसल्यावर तो एकूण दाबाच्या पाचव्या हिश्शाइतका खाली बसला, की हवा बरोबर आहे असे समजावे.

गिअरची संख्या मोजण्यापेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हे पाहावे. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दातांचे चक्र असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाटीला ते ठीक, पण दरीतून वर यायला निरुपयोगी. पुढे ३२ आणि मागे ४६ किंवा ५१ दात असले, तर एका फेऱ्यात चाक पाऊण फेरासुद्धा घेत नाही आणि उभा चढही बसल्याबसल्या चढता येतो. पुढे एकच चक्र असलेली रचना या मुलखात जास्त चांगली. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा एक डिरेलर कमी म्हणजे माती अडकायला एक जागा कमी आणि खडबडीत वाटेवर चेन पडण्याचे प्रमाणही कमी.

फ्रेम हलक्या ॲल्युमिनियमची असली की पुरे. मापाकडे मात्र दुर्लक्ष चालत नाही. वरच्या दांडीवर पाय टाकून दोन्ही पावले जमिनीवर टेकवून उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत किमान पाच सेंटिमीटर अंतर हवे. उतारावर अचानक उतरावे लागते तेव्हा हे अंतर दुखापत वाचवते. सीट अशा उंचीवर असावी, की पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. अवघड उतारापूर्वी तीच सीट खाली घ्यायची असते.

हेल्मेटशिवाय दगडी उतारावर जाऊ नये. बोटे झाकणारे हातमोजे काटेरी फांद्यांपासून वाचवतात. सोबत पंप, एक जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, षट्कोनी पान्ह्यांचा संच आणि चेनची जोडकडी असावी. पाणी दोन लिटर तरी हवेच, कारण माळावर सावली कमी आणि पाऊस सरल्यावर ओढे लवकर आटतात.

चालवण्याचा हंगाम ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवर जाणे दोन्ही बाजूंनी तोट्याचे. सायकल अडकते आणि ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळून शेतकऱ्याच्या वाटेवर खळगा होऊन राहते. उतारावर दोन्ही पायडल समपातळीत ठेवून उभे राहावे, गुडघे आणि कोपर सैल ठेवावेत, नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता लांब ठेवावी. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नाही.

वाट ज्यांची आहे त्यांचा मान आधी. गुरे समोर आली तर थांबावे, कारण बुजलेली म्हैस पिकात शिरते. यात्रेच्या दिवसांत या वाटा पायी येणाऱ्यांच्या असतात, तेव्हा सायकल दुसरीकडे न्यावी. समाधीच्या परिसरात आणि धारेजवळच्या शेवाळलेल्या खडकावर सायकल हातात धरून चालावी. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यासारख्या राखीव वनात जायचे, तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते.

घरी परतल्यावर मुरमाची धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. पाण्याचा जोराचा फवारा मारला, तर धूळ बेअरिंगमध्ये जाते. चेन फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि वरचे तेल पुसून टाकावे, नाहीतर पुढच्या खेपेला त्यावर धूळ बसून सहाणेसारखी चेन आणि चक्रांचे दात झिजवते. मराठवाड्याच्या उन्हात टायरातले सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकते. टायर हलवून आत द्रवाचा आवाज येईनासा झाला, की पुन्हा भरावे.