खांद्याला खांदा, थरावर थर!

जुन्या मुंबई-पुणे हायवेवर दापोडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात, की शेजारी 'सीएमई'चा लांबलचक कॅम्पस दिसतो. १९४८ पासून लष्कराचे इंजिनिअर इथे घडतात. ते नेमकं शिकतात काय? पूल उभारायचा, सराव झाला की सोडवून ठेवायचा, एवढंच डोळ्यांसमोर येतं ना? पण जगभरातल्या या मंडळींचा एक हटके क्लासरूम आहे : खरीखुरी साइट!

फिलिपिन्सचंच घ्या. तिथे अमेरिकन आणि फिलिपिनो फौजांचा 'बालिकतान' नावाचा सराव जवळजवळ दरवर्षी होतो. नावाचा अर्थच खांद्याला खांदा लावून. या सरावात एकीकडे तोफा धडाडतात, तर दुसरीकडे दोन्ही देशांचे इंजिनिअर एखाद्या गावात शाळेच्या वर्गखोल्या बांधत असतात. काही वर्षी ऑस्ट्रेलियाचेही आले. मग एकाचं मोजमाप फूट-इंचात, दुसऱ्याचं मीटरमध्ये! भाषा वेगळी, कामाची सवय वेगळी, डेडलाइन मात्र एकच. आणि ही इमारत नंतर कुणी सोडवणार नसतं. वर्षाला वीसेक वादळं झेलणाऱ्या देशात त्या छपराखाली मुलं बसणार असतात. चूक झाली तर 'नेक्स्ट टाइम' म्हणायची सोय नाही.

आफ्रिकेतही असंच. २०१५ मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या उपक्रमात जपानी लष्कराच्या प्रशिक्षकांनी केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडाच्या जवानांना बुलडोझर-ग्रेडरसारखी यंत्रं चालवायला शिकवलं. शांतिसेना पोहोचायची, तर आधी रस्ता हवा!

आता टेक्नॉलॉजीचा फंडा. २०१८ मध्ये अमेरिकेत इलिनॉयला मरीन्सनी पाचशे चौरस फुटांची काँक्रीटची बराक थ्रीडी प्रिंटरवर चाळीस तासांत उभी केली. लाकडी बांधायची, तर दहा जणांचे पाच दिवस जातात. आपणही मागे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अहमदाबाद कॅन्टोन्मेंटमध्ये जवानांसाठी लष्कराचं पहिलं थ्रीडी प्रिंटेड घर तयार झालं. ७१ चौरस मीटर, गॅरेजसकट, बारा आठवड्यांत!

म्हणजे माणसाची सुट्टी? छे! इलिनॉयच्या त्या प्रिंटरला काँक्रीट कालवून भरवायला माणसंच उभी होती. मिश्रण पातळ झालं तर थर बसतो, घट्ट झालं तर पाइप तुंबतो. हा अंदाज आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीला असतो, तोच या युनिफॉर्मवाल्यांनाही कमवावा लागतो. मॅन्युअल पाठ करून तो येत नाही, हात भरवूनच येतो.

आपलं ट्रेनिंग कसं असतं? एसी हॉल, प्रोजेक्टर, समोसा, शेवटी सर्टिफिकेट. सोमवारी सगळं साफ! पुढच्या वेळी एचआरने 'टीम बिल्डिंग'चा मेल पाठवला, की एवढंच विचारून बघा : बिल्डिंग नेमकी कुठली बांधायची?